मराठी शाळेच्या कार्यकारिणीवर नवीन आलात? शिक्षक निवडायचा हक्क कसा वापरायचा ते पायरीपायरीने

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शिक्षण संस्थांमध्ये आता बरीच तरुण मंडळी कार्यकारिणीवर येताहेत, चांगलंच आहे. पण आल्या आल्या पहिला प्रश्न पुढ्यात पडतो तो रिकाम्या जागेचा. अमके गुरुजी रिटायर झाले, त्यांच्या जागी कोण घ्यायचं, आपण घ्यायचं की शिक्षण खात्यानं द्यायचं, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातला क्लार्क म्हणतो असं चालत नाही, आणि मीटिंगमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आपली शाळा अनुदानित, पगार सरकार देतं, मग सरकार सांगेल तसं. दुसरी म्हणते आपण अल्पसंख्याक, आर्टिकल ३० आहे, आपल्याला कोण विचारणार? दोन्ही पार्ट्या अर्ध्या बरोबर असतात आणि त्या भांडणात जागा वर्षं-दोन वर्षं तशीच रिकामी राहते, चौथी-पाचवीची पोरं एकाच वर्गात बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय, वकिली भाषा टाळून.

आधी आपण कोण ते ठरवा

घटनेचं कलम ३०(१) सांगतं की धर्मावर किंवा भाषेवर आधारलेल्या सगळ्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षण संस्था स्थापन करायचा आणि चालवायचा हक्क आहे. आता अल्पसंख्याक म्हणजे कुठल्या हिशेबाने? तालुक्याच्या? जिल्ह्याच्या? हा गोंधळ आपल्याकडे फार. खानापूर तालुक्यात फिरलात तर गावंच्या गावं मराठी बोलणारी, तिथला माणूस म्हणणार आम्ही कुठले ओ अल्पसंख्याक, आम्हीच जास्त. पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी टी.एम.ए. पै फाउंडेशनच्या केसमध्ये (ती केस आपल्या कर्नाटकातलीच, मणिपालची) स्पष्ट सांगितलं की एकक म्हणजे राज्य. राज्यंच भाषेवर झालीत, त्यामुळे भाषिक असो की धार्मिक, अल्पसंख्याक राज्याच्या हिशेबाने मोजायचे. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून इकडे आलेल्या भागातली मराठी माणसं, गावात कितीही जास्त असली तरी कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक. आणि याच नियमाने अक्कलकोट किंवा जतमधली कन्नड संस्था महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्याक ठरते, हेही लक्षात ठेवा, वाद घालताना बरं पडतं.

दुसरी गोष्ट, आणि इथे बरेच जण सहा-आठ महिने वाया घालवतात. दिल्लीत राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग आहे, २००४ च्या कायद्याचा. नेटवर सर्च केलं की पहिला तोच दिसतो आणि लोक तिकडे अर्ज ठोकतात. तो आयोग फक्त धार्मिक अल्पसंख्याकांसाठी आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. मराठी भाषिक म्हणून अर्ज केलात तर तिथे तुमचं काही काम नाही. भाषिक अल्पसंख्याक म्हणून मान्यता राज्य सरकारकडून घ्यायची. चिकोडी-निपाणीकडे जैन समाजाच्या काही संस्था मराठी शाळा चालवतात, त्यांना दोन्ही वाटा उघड्या आहेत, त्यांनी कुठल्या आधारावर मागायचं ते आधी कार्यकारिणीत ठरवून घ्यावं, एका अर्जात भाषा आणि दुसऱ्यात धर्म असं करू नये.

जुनी कपाटं उघडा

संस्था अल्पसंख्याकांची आहे हे दाखवायला बोर्डावर मराठीत नाव असून भागत नाही. कोर्ट बघतं ती कुणी काढली, कशासाठी काढली आणि ते प्रत्यक्षात कसं उतरलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये ७ न्यायाधीशांच्या पीठाने हेच निकष सांगितले: कल्पना कुणाची, हेतू काय, पैसा-जमीन कुणी दिली, पुढे पाठपुरावा कुणी केला. घटना लागू व्हायच्या आधी निघालेल्या संस्थेलाही संरक्षण मिळू शकतं हेही त्यात आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी संस्था त्या काळातल्या.

तेव्हा हे शोधा: मूळ नोंदणीचं सर्टिफिकेट, घटनापत्रक म्हणजे बायलॉज, पहिल्या सभेचं इतिवृत्त, जागेचं दानपत्र, देणगीदारांची जुनी पावती पुस्तकं, शाळेला माध्यम म्हणून मराठीची परवानगी मिळाल्याचा आदेश. बायलॉजमधलं उद्देशाचं कलम नीट वाचा. तिथे नुसतं 'समाजात शिक्षणाचा प्रसार करणे' असं असेल आणि मराठीचा म पण नसेल तर बाकीचे पुरावे जास्त भक्कम लागतील. घाईघाईने आता उद्देश बदलून घेऊ असं कुणी सुचवेल. करा हवं तर, पण जुना कागद जुनाच राहतो, तारीख काही मागे जात नाही.

अल्पसंख्याक दर्जाचा अर्ज खात्यामार्फत वर जातो, बेंगळुरूला उर्दू आणि इतर अल्पसंख्याक भाषांच्या शाळांसाठी वेगळं संचालनालय आहे. सध्या लागू असलेल्या आदेशाची कॉपी आधी मागून घ्या आणि त्यातल्या अटींप्रमाणेच अर्ज लिहा, दुसऱ्या संस्थेचा पाच वर्षांपूर्वीचा अर्ज उचलून नाव बदलू नका. आणि सर्टिफिकेट अजून आलेलं नाही म्हणून हक्कच नाही असं कुणी म्हणालं तर घाबरायचं कारण नाही. केरळच्या एमजे हायस्कूलच्या केसमध्ये १९९८ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सरकारच्या घोषणेमुळे शाळा अल्पसंख्याक होत नाही, ती असतेच, घोषणा फक्त ते मान्य करते. तरीपण सर्टिफिकेट घ्याच की ओ, प्रत्येक जागेला कोर्टात जाऊन सिद्ध करत बसणार काय.

हक्क किती, कुठपर्यंत

२००६ च्या मलंकारा कॉलेजच्या निकालात कोर्टाने यादीच दिली: संचालक मंडळ आपलं निवडायचं, शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिपाई-क्लार्कसकट बाकी स्टाफ आपण नेमायचा, कामात कसूर केली तर कारवाई करायची, पात्र विद्यार्थी घ्यायचे, योग्य ती फी ठरवायची, मालमत्ता संस्थेच्या भल्यासाठी वापरायची. अनुदान घेतलं म्हणून हा हक्क संपत नाही. १९७४ च्या अहमदाबाद सेंट झेवियर्सच्या खटल्यात ९ न्यायाधीश होते, तिथे गुजरातच्या कायद्यात निवड समितीवर कुलगुरूंचा माणूस हवा आणि विद्यापीठाच्या मंजुरीशिवाय कुणाला काढायचं नाही अशा अटी होत्या, त्या अल्पसंख्याक कॉलेजांना लागू होणार नाहीत असं ठरलं.

पण दुसरी बाजू झाकून ठेवू नका. शैक्षणिक पात्रता, पगार, रजा, निवृत्तीचं वय, सेवाशर्ती याबाबतचे नियम सरकार करू शकतं आणि ते पाळावे लागतात. १९८६ च्या फ्रँक अँथनी स्कूलच्या निकालानंतर 'आम्ही अल्पसंख्याक, पगार आम्ही ठरवू' हे चालत नाही. आणि जानेवारी २०२० मध्ये पश्चिम बंगालच्या कांथी रहमानिया मदरशाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अनुदानित मदरशांसाठी शिक्षकांची निवड सरकारी आयोगाने करायचा कायदा कायम ठेवला. म्हणजे राज्याने तसा कायदा केला आणि तो शिक्षणाच्या दर्जासाठी आहे हे पटवलं, तर अनुदानित शाळेचं स्वातंत्र्य आकसू शकतं. व्हॉट्सअॅपवर १९७४ चा निकाल फिरवणारे हा २०२० चा कधी फिरवत नाहीत. विनाअनुदानित शाळांना मात्र मोकळीक बरीच जास्त.

जागा, ठराव, परवानगी

अनुदानित जागा असेल तर रिटायरमेंटच्या सहा महिने आधीच कामाला लागा. जागा मंजूर आहे का, विद्यार्थिसंख्येप्रमाणे टिकते का, हे आधी बघा. पट कमी झाला असेल तर निवडीचा हक्क कितीही असू दे, पगार मंजूर होणार नाही, कारण जागाच राहिली नाही. मग कार्यकारिणीची रीतसर नोटीस काढून मीटिंग, कोरम, आणि ठराव. ठराव असा असावा:

'शाळेतील मराठी माध्यमाच्या सहायक शिक्षकाची मंजूर अनुदानित जागा अमुक तारखेस सेवानिवृत्तीमुळे रिक्त होत असून, संस्था भाषिक अल्पसंख्याक असल्याने घटनेच्या कलम ३०(१) नुसार ती जागा संस्थेने स्वतः जाहिरात देऊन, विहित पात्रतेच्या उमेदवारांतून भरावी व त्यासाठी खात्याची आर्थिक परवानगी मागावी असे सर्वानुमते ठरले. निवड समिती पुढीलप्रमाणे...'

त्यातला 'आर्थिक परवानगी' हा शब्द मुद्दाम आहे. पगार सरकारच्या तिजोरीतून जाणार म्हणून जागा भरायला परवानगी मागायची, कोणाला घ्यायचं याची नाही. पत्र बीईओंमार्फत डीडीपीआयकडे (शिक्षण खात्याच्या जिल्हा उपसंचालकांकडे) जातं, आणि बघा, आपला महसुली जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणीवाल्यांनी चिकोडीला जायचं, खानापूरवाल्यांनी बेळगावला. त्याच्या वर धारवाडचं अपर आयुक्त ऑफिस. पत्रव्यवहार कन्नडमध्ये करा. यावर आपल्याकडे नाकं मुरडतात, मला माहितीय, पण काम करून घ्यायचं आहे ना? कन्नड येणारा एखादा मास्तर स्टाफवर असतोच. सोबत मराठी प्रत लावा, तो तुमचा हक्क, आणि प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.

खात्याने आरक्षणाचा रोस्टर (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला याचा तक्ता) मागितला तर? २०१० मध्ये दिल्लीच्या सिंधी एज्युकेशन सोसायटीची केस झाली, ती शाळा भाषिक अल्पसंख्याक आणि अनुदानित, अगदी आपल्यासारखी. अनुदान देताना नेमणुकीत आरक्षणाची सक्ती अशा शाळेवर करता येत नाही असा निकाल आहे. तो उत्तराच्या पत्राला जोडा. संस्थेने स्वतःहून मागासवर्गीय उमेदवार घ्यायला काहीच हरकत नाही आणि घ्यावेतच असं माझं मत.

पात्रता: इथे तडजोड नाही

पहिली ते पाचवीला डी.एड./डी.एल.एड. हवं. ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर या वर्गांना नुसतं बी.एड. चालत नाही, त्यामुळे अध्यक्षांच्या ओळखीची बी.एड. झालेली मुलगी चौथीला घेऊ म्हणाल तर मान्यता अडकणार. टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) प्रकरण जरा किचकट आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या प्रमती निकालाप्रमाणे आरटीई (शिक्षण हक्क) कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, अनुदानित असो की नसो. पण १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायाधीशांच्या पीठाने बाकी शाळांच्या शिक्षकांना टीईटी सक्तीची केली आणि प्रमती बरोबर होता का हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. तेव्हा माझा साधा सल्ला: नवीन माणूस घेताना टीईटी पासच घ्या. उद्या निकाल उलटा लागला तर तो बिचारा अर्ध्या नोकरीत अडकेल, संस्था नाही.

चंदगड, गडहिंग्लजकडून अर्ज भरपूर येतात, कारण मराठी माध्यमाचे डी.एड. झालेले तिकडे जास्त. चांगली पोरं असतात. पण महाराष्ट्राचं डी.एड. आणि महाराष्ट्राची टीईटी कर्नाटकातल्या अनुदानित जागेला धरणार का, हे निवडीनंतर नाही, जाहिरातीच्या आधी डीडीपीआय ऑफिसला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी 'होतंय ओ, करूया' याला काही अर्थ नाही. आणि कन्नड शिक्षक विसरू नका, २०१५ च्या कन्नड भाषा शिकण्याच्या कायद्याने सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते. त्या जागेलाही निवड तुमचीच.

जाहिरात आणि मुलाखत

एका मराठी आणि एका कन्नड पेपरात द्या. 'फक्त मराठी भाषिकांनी अर्ज करावेत' असं लिहू नका. आपल्या पसंतीचा माणूस घ्यायचा म्हणजे आपल्याच भाषेचा घ्यायचा अशी काही अट नाही, आणि अशी ओळ छापली की वाद आयता मिळतो. त्याऐवजी लिहा: 'सर्व विषय मराठी माध्यमातून शिकवता येणे आवश्यक, कन्नडचे कामचलाऊ ज्ञान असल्यास प्राधान्य.' पद, माध्यम, वर्ग, पात्रता, अनुदानित की विनाअनुदानित, शेवटची तारीख, अर्ज कुठे, एवढं पुरे. पेपरचं अख्खं पान जपून ठेवा, कात्रण नाही, तारीख पानाच्या डोक्यावर असते.

मुलाखतीच्या दिवशी हजेरीपत्रक, आणि प्रत्येक सदस्याचा वेगळा गुणतक्ता. पात्रता, अनुभव, प्रत्यक्ष पाठ, मुलाखत, प्रत्येकाला किती मार्क ते उमेदवार आत यायच्या आधी ठरलेलं असावं. पाठ घ्यायला लावाच. वर्गात उभं केलं की पाच मिनिटांत कळतं, तिसरीच्या पोरांसमोर हातचा घेऊन वजाबाकी शिकवताना कोण फळ्याकडे तोंड करून बोलतो आणि कोण पोरांकडे. खात्याच्या अधिकाऱ्याला निरीक्षक म्हणून बोलवा, आले तर सही घ्या, मार्क मात्र समितीनेच द्यायचे. गुणतक्त्यात खाडाखोड झाली तर तिथेच सही. पेन्सिल बंद. प्रतीक्षा यादीत दुसरं-तिसरं नावही लिहून ठेवा, पहिला उमेदवार सरकारी नोकरी लागून जातो हे नेहमीचं.

आता जे सगळे जाणतात आणि कुणी लिहीत नाही ते. अनुदानित जागेला रेट असतो. पुतण्या, भाचा, सोसायटीच्या चेअरमनचा जावई, आणि नाहीतर 'इमारत निधी'. हे करणाऱ्या संस्थेला आर्टिकल ३० चं नाव घ्यायला मी तरी मदत करत नाही, कारण नाकारलेला एखादा उमेदवार कोर्टात गेला आणि गुणतक्ता मागितला की तिथे सगळं उघडं पडतं, आणि मग त्याची किंमत शेजारच्या प्रामाणिक शाळेला पण मोजावी लागते, 'या लोकांना हक्क दिला की बघा काय करतात' असं म्हणायला खात्याला संधी मिळते. नातेवाईक अर्जदार असेल तर त्या सदस्याने समितीतून बाहेर बसावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

मुख्याध्यापक

या जागेला सगळ्यात जास्त भांडणं. खातं म्हणतं सिनिऑरिटी. वर सांगितलेल्या एमजे हायस्कूलच्या निकालात आणि मलंकारातही कोर्टाने मान्य केलंय की अल्पसंख्याक संस्थेला सिनिअर बाजूला ठेवून पात्र असलेला दुसरा माणूस मुख्याध्यापक म्हणून निवडता येतो, कारण शाळेचा सूर तोच लावतो. पण म्हणून ज्येष्ठ बाईंना न विचारता परस्पर ऑर्डर काढू नका. सिनिऑरिटी लिस्ट काढा, सगळ्या पात्र लोकांना बोलवा, त्यांचं म्हणणं ऐका, आणि ज्येष्ठ उमेदवाराला का घेतलं नाही ते दोन ओळींत का होईना पण कारणासह लिहा. हक्क आहे म्हणून कारण लिहायचं नाही, असं समजणाऱ्यांच्या फायली कोर्टात फार केविलवाण्या दिसतात. आणि गावात तर त्या बाईंच्या हाताखाली शिकलेली निम्मी पालक मंडळी असतात, त्यांना तोंड द्यायचंय ते वेगळंच.

मान्यता अडली तर

निवडीनंतर प्रस्ताव जातो: ठराव, परवानगीचं पत्र, दोन्ही जाहिराती, आलेल्या सगळ्या अर्जांची यादी, गुणतक्ते, सर्टिफिकेटच्या साक्षांकित प्रती, अल्पसंख्याक दर्जाचा आदेश, नेमणूक पत्र, रुजू रिपोर्ट. खातं पात्रता आणि पद्धत तपासू शकतं. 'दुसरा उमेदवार आम्हाला जास्त योग्य वाटतो' हे मात्र खात्याला म्हणता येत नाही. तसं पत्र आलं तर फोनवर भांडू नका, कारण लेखी मागा, मुदत घालून स्मरणपत्र द्या, मग धारवाडला, आणि तिथेही नाही झालं तर हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ आहेच, बेंगळुरूपर्यंत जायला नको. घटनेच्या ३५०ब खाली भाषिक अल्पसंख्याकांचा आयुक्तही आहे, तिकडे तक्रार जरूर करा, पण तो अहवाल देतो, शिफारस करतो, तुमच्या मास्तरचा पगार सुरू करत नाही.

काढायची वेळ आली तर

नेमायचा हक्क आहे तसा शिस्तीचाही आहे, पण कर्नाटक शिक्षण कायदा १९८३ च्या कलम ९२ प्रमाणे आरोपपत्र, उत्तराची संधी, चौकशी हे सगळं करावंच लागतं. कर्मचारी कलम ९४ खाली शैक्षणिक अपील न्यायाधिकरणात जाऊ शकतो, आणि मीटिंगमध्ये रागाच्या भरात 'उद्यापासून येऊ नका' म्हणून काढलेली माणसं तिथून मागच्या पगारासकट परत येतात. मुलांच्या सुरक्षिततेचा आरोप असेल तर पोक्सोखाली (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली) येणारा प्रकार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, संस्थेची चौकशी नंतर, 'शाळेचं नाव जाईल' म्हणून आत मिटवलंत तर सेक्रेटरीवरच केस होते.

विनाअनुदानित स्टाफचे पीएफ, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा हेही चुकत नाही. २० माणसं झाली की पीएफ. ग्रॅच्युइटी शिक्षकांना लागू आहे हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलंय, त्यामुळे नेमणूक पत्र देतानाच ट्रेझररला विचारून पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये त्याची रक्कम धरा आणि पत्राची एक सही केलेली प्रत त्या शिक्षकाच्या सेवापुस्तकात लावा.